माळवदाचा कठडा : रुग्णालयात सेवा करणाऱ्यांसाठी अभ्यासपाठ

शास्त्रपाठ : अनुवाद २२:८, मार्क १:४०-४५, १ करिंथ १२:२२-२६.

मुख्य विचार : दवाखान्यातील दक्षता ही प्रत्येक रुग्णासाठी सारखी असावी. एखाद्याला वेगळे काढून पाळलेली दक्षता त्याच्यावर अन्याय करते आणि आपले रक्षणही करीत नाही.



आळंद, अक्कलकोट, उमरगा, बसवकल्याण या सीमाभागातील आपल्या मंडळ्यांत दवाखान्याच्या पगारावर चालणारी घरे पुष्कळ आहेत. कोणी सिस्टर आहे, कोणी आया, कोणी वॉर्डबॉय, कोणी प्रयोगशाळेत रक्त तपासतो, कोणी पहाटे उठून वॉर्डाची फरशी पुसतो. मिशनरींनी या देशात दवाखाने काढले तेव्हापासून रुग्णसेवा हे आपल्या लोकांचे जणू वतनच झाले आहे. मिरजेस डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभारले. त्यानंतर अशा मिशन रुग्णालयांत शिकलेल्या परिचारिका गावोगावी गेल्या. म्हणून आजचा पाठ आपण मुद्दाम या बंधुभगिनींसाठी घेतला आहे. एच.आय.व्ही. आणि रक्तातून पसरणारे इतर रोग यांच्याविषयी दवाखान्यातील सेवकाने काय जाणावे, स्वतःला कसे जपावे, आणि ख्रिस्ताचा सेवक म्हणून रुग्णाशी कसे वागावे, हा त्याचा विषय आहे.

१. कठड्याची आज्ञा

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात एक लहानशी आज्ञा आहे. वाचताना आपण ती बहुधा ओलांडून पुढे जातो. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा. तसे न केल्यास आणि तेथून कोणी पडून मेल्यास त्या रक्ताचा दोष घरावर येईल, असा तिचा भावार्थ आहे.

आपल्या भागातील लोकांना ही आज्ञा समजावून सांगावी लागत नाही. आळंदच्या आसपासच्या खेड्यांत अजूनही मातीची माळवदे दिसतात. त्यांवर डाळ वाळत घालतात, उन्हाळ्यात अंथरूण टाकून झोपतात, मुले खेळतात. कठडा नसलेल्या माळवदावर लेकरू चढले की आईचा जीव कसा खालीवर होतो, हे आपण जाणतो.

या आज्ञेत दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली ही की, कठडा अपघात होण्याआधी बांधायचा असतो. दुसरी ही की, तो कोणासाठी बांधायचा याची यादी दिलेली नाही. माळवदावर घरचा माणूस चढेल, पाहुणा चढेल, मजूर चढेल, कदाचित चोरही चढेल. कठडा सर्वांसाठी एकच. अमक्याचा तोल जातो म्हणून तो आला की कठडा लावू आणि तो गेला की काढून ठेवू, असे कोणी करीत नाही.

आता दवाखान्यात पाहा. पुष्कळ ठिकाणी नेमके असेच चालते. केसपेपरवर लाल शाईने खूण केली की हातमोजे दोन-दोन चढतात, नाकातोंडावर फडके येते, खाट कोपऱ्यात सरकते. आणि खूण नसलेल्या रुग्णाचे रक्त उघड्या हाताने काढले जाते, सुईला टोपण बसवले जाते, रक्ताची चादर काखेत धरून नेली जाते. म्हणजे एका ठिकाणी गरजेपेक्षा उंच कठडा, आणि बाकी सारे माळवद उघडे.

२. रोग कपाळावर लिहिलेला नसतो

भारतात एच.आय.व्ही. प्रथम आढळला तो १९८६ साली, मद्रास येथे. डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांनी हे काम केले. डॉ. सुनीती या माहेरच्या गायतोंडे, मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील. रक्ताच्या त्या नमुन्यांची तपासणी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाली. ज्या स्त्रियांचे ते रक्त होते त्यांच्याकडे पाहून कोणालाही रोगाची शंका आली नसती. रोग शरीरात शिरल्यावर कित्येक वर्षे माणूस धडधाकट दिसतो, शेतात राबतो, लग्न करतो, त्याला मुले होतात.

तपासणी केली तरी सर्व काही कळते असे नाही. संसर्ग झाल्यानंतर रक्तात त्याची खूण दिसू लागेपर्यंत काही आठवडे जातात. क्वचित तीन महिनेही लागतात. या काळात अहवाल निर्दोष येतो, पण रक्तात विषाणू असतो. शिवाय एच.आय.व्ही. नसला तरी हिपॅटायटिस बी असू शकेल, सी असू शकेल. २०२३ च्या सरकारी अंदाजानुसार भारतात एच.आय.व्ही. सह जगणारे सुमारे २५ लाख लोक आहेत. हिपॅटायटिस बी चे रुग्ण याच्या कितीतरी पट, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ सालच्या अंदाजाप्रमाणे सुमारे तीन कोटी, आहेत. त्यांपैकी बहुतेकांना आपल्याला हा रोग आहे याची कल्पनाही नसते.

असे समजा की, एका रात्री तालुक्याच्या दवाखान्यात दोन रुग्ण आले. एक बाई बाळंतपणासाठी आली आहे. तिला एच.आय.व्ही. असल्याचे ठाऊक आहे आणि ती चार वर्षे नियमाने गोळ्या घेत आहे. दुसरा गडी तुरीच्या काढणीत विळा लागून आला आहे. त्याची कधीच तपासणी झालेली नाही. सर्वांची नजर बाईवर. पण नियमित औषधाने तिच्या रक्तातील विषाणू इतके कमी झालेले असू शकतात की ते तपासणीतही दिसत नाहीत. गड्याच्या रक्तात काय आहे, ते कोणालाच ठाऊक नाही. सिस्टर बाईपाशी भिऊन वागते आणि गड्याची जखम उघड्या हाताने धुते. सांगा बरे, धोका कोठे आहे?

आपल्या जिल्ह्याला हा धडा एकदा फार कडक रीतीने मिळाला आहे. १० मार्च २०२० रोजी कलबुर्गीचे एक वृद्ध गृहस्थ मरण पावले. दोन दिवसांनी कळले की, भारतातील कोविडचा तो पहिला मृत्यू होता. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरांनाही बाधा झाल्याचे पुढे आढळले. कोविड श्वासातून पसरतो आणि एच.आय.व्ही. रक्तातून, दोहोंची दक्षता वेगळी. पण शिकवण एकच आहे : रोगाचे नाव कळेपर्यंत थांबून मग सावध होणारा उशिरा सावध होतो.

म्हणूनच १९८७ साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने असा नियम सांगितला की, प्रत्येक माणसाचे रक्त संसर्गयुक्त आहे असे धरूनच काम करावे. त्याला सार्वत्रिक दक्षता म्हणतात. १९९६ साली त्यात भर घालून प्रमाण दक्षता ठरवण्यात आली. आज जगभर हाच नियम चालतो. विचार करून पाहिले तर तो अनुवादातील कठड्याचाच नियम आहे.

३. भीतीला मोजमाप लावू या

अंधारात दोरी साप वाटते. दिवा लावला की दोरी दोरी दिसते, आणि खरा साप असला तर तोही दिसतो. म्हणून थोडे आकडे पाहू या.

एच.आय.व्ही. असलेल्या रुग्णाला टोचलेली सुई आपल्याला टोचली, तर रोग होण्याची शक्यता हजारात सुमारे तीन. डोळ्यात किंवा तोंडात असे रक्त उडाले, तर हजारात एकाहूनही थोडी कमी. धडधाकट, न फाटलेल्या कातडीवर रक्त पडले तर धोका जवळजवळ नाहीच. साबणाने धुतले की झाले. याउलट हिपॅटायटिस बी च्या रक्ताची सुई, लस न घेतलेल्या माणसाला टोचली तर शंभरात सहा ते तीस जणांना रोग होऊ शकतो. एच.आय.व्ही. चा विषाणू शरीराबाहेर फार टिकत नाही. हिपॅटायटिस बी चा वाळलेल्या रक्तातही सात दिवस जिवंत राहू शकतो.

ज्या रोगाला आपण सर्वांत अधिक भितो, त्याहून ज्याचे नावही काढत नाही तोच सुईवाटे अधिक सहज येतो. आणि गंमत अशी की, हिपॅटायटिस बी ला लस आहे. पहिली आज, दुसरी एका महिन्याने, तिसरी सहाव्या महिन्यात, अशी ती तीन वेळा टोचून घ्यावी लागते. रुग्णालयात काम करणाऱ्या आपल्या किती भावाबहिणींनी ती पुरी केली आहे? केवळ डॉक्टर-नर्स नव्हेत, झाडणारे आणि कपडे धुणारेसुद्धा? एच.आय.व्ही. च्या भीतीने रुग्णाची खाट कोपऱ्यात सरकवणारा माणूस स्वतः लस न घेता फिरत असेल, तर त्याची भीती चुकीच्या घरी मुक्कामाला गेली आहे.

आणि हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. रुग्णाचा हात धरल्याने, त्याला जेवण भरवल्याने, त्याची नाडी पाहिल्याने, त्याचा घाम पुसल्याने, त्याच्या खोकल्याने, त्याला चावलेल्या डासाने एच.आय.व्ही. होत नाही. एकाच ताटात जेवले तरी होत नाही.

४. रोजच्या कामातला कठडा

कठडा एका दगडाचा होत नाही. दवाखान्यातील कठड्याचे दगड पुढीलप्रमाणे आहेत. पाठ घेणाऱ्याने ते सावकाश वाचून दाखवावेत.

हात : रुग्णाला हात लावण्यापूर्वी व नंतर, स्वच्छ काम करण्यापूर्वी, रक्त किंवा स्राव लागण्याचा संभव आला त्यानंतर, आणि रुग्णाच्या खाटेभोवतीच्या वस्तू हाताळल्यावर हात धुवावेत. साबण-पाण्याने पाऊण ते एक मिनिट; स्पिरिटयुक्त द्रव असेल तर वीस ते तीस सेकंद. १८४७ साली व्हिएन्ना शहरात डॉ. सेमेलवाइस यांनी बाळंतिणींना हात लावण्याआधी क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले, आणि त्या वॉर्डातील मृत्यू झपाट्याने उतरले. तेव्हा जंतूंचे शास्त्र कोणाला ठाऊक नव्हते. धुतलेले हात तेवढे होते.

हातमोजे : जेथे रक्त वा स्राव लागू शकेल तेथे मोजे. एका रुग्णाचे मोजे दुसऱ्याला नकोत. मोजे घातलेल्या हाताने दाराची कडी, टेलिफोन, केसपेपर धरू नये. मोजे काढले की हात धुवावेत. मोजे म्हणजे धुण्याला सुट्टी नव्हे. बाळंतपणात किंवा रक्त उडण्याचा संभव असलेल्या कामात प्लॅस्टिकचा एप्रन, मास्क आणि डोळ्यांना चष्मा हवा.

सुई : वापरलेल्या सुईला टोपण परत बसवू नये. सुई वाकवू नये, हाताने मोडू नये, गादीवर किंवा ट्रेमध्ये ठेवून जाऊ नये. ज्याने टोचली त्यानेच ती तत्काळ सुईकटरमध्ये कापावी व न भोसकणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकावी. डबा पाऊण भरला की बंद करावा. आणि एका माणसाला वापरलेली सुई वा सिरिंज दुसऱ्याला कदापि नाही. २००९ साली गुजरातेतील मोडासा परिसरात वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्यामुळे हिपॅटायटिस बी ची साथ पसरली व कित्येकांचे प्राण गेले. गावोगावी इंजेक्शनशिवाय बरे वाटत नाही असे मानणारे आपले लोक आहेत; त्यांनाही हे सांगावे.

सांडलेले रक्त : त्यावर प्रथम जुने कापड किंवा कागद टाकावा. त्यावर एक टक्का हायपोक्लोराइटचे पाणी ओतावे, निदान वीस मिनिटे थांबावे, मग मोजे घालून पुसावे. ब्लीचिंग पावडर ताजी व चांगल्या ताकदीची असेल तर लिटरभर पाण्यात तीस ग्रॅम घालून असे पाणी होते. ते रोज नवे करावे. कालचे पाणी आज निकामी.

कचरा : २०१६ च्या नियमांनुसार रक्ताळलेला कापूस, ड्रेसिंग व वार पिवळ्या पिशवीत; सलाईनच्या नळ्या, मोजे, सुई काढलेल्या सिरिंजा लाल पिशवीत; सुया व पाती पांढऱ्या डब्यात; काच निळ्या डब्यात. हे रंग भिंतीवर चिकटवलेले असतात, पण बहुतेक इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये. आपल्या भागात एकाच वॉर्डात कन्नड बोलणारी सिस्टर, मराठी बोलणारी आया आणि उर्दू बोलणारा वॉर्डबॉय असतो. भिंतीवरचा कागद ज्याला वाचता येत नाही त्याच्यापुरता तो कोराच. ज्याला वाचता येते त्याने आपल्या भाषेतून शेजाऱ्याला सांगावे. यालाही सेवा म्हणतात.

५. सुई टोचलीच तर

सारे पाळूनही कधी टोचते. रात्रपाळी असते, रुग्ण हात हिसकतो, कोणी पिशवीत सुई टाकलेली असते. अशा वेळी काय करावे?

टोचलेली जागा पिळू नये. बोट तोंडात घालू नये. स्पिरिट, ब्लीच, आयोडीन असे काही चोळू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावे. डोळ्यात उडाले असल्यास स्वच्छ पाण्याने किंवा सलाईनने डोळा धुवावा. आणि लगेच डॉक्टरांना सांगावे.

संसर्ग टाळणारे औषध उपलब्ध आहे. त्याला पीईपी म्हणतात. टेनोफोविर, लॅमिवुडिन व डोल्युटेग्राविर ही तीन औषधे त्यात असतात. पहिली मात्रा शक्यतो दोन तासांच्या आत घ्यावी. बहात्तर तास उलटल्यावर तिचा उपयोग नाही. गरज आहे की नाही ते डॉक्टर ठरवतील; घ्यायचे ठरले तर अठ्ठावीस दिवस एकही दिवस न चुकवता घ्यावे, आणि सांगितलेल्या वेळी पुन्हा रक्त तपासून घ्यावे.

येथे एक व्यवहाराची गोष्ट आहे. आळंदहून कलबुर्गी चाळीसेक किलोमीटर. रात्री दोन वाजता सुई टोचली, तर बस नाही, आणि दोन तासांचे घड्याळ चालू झालेले असते. म्हणून प्रत्येक सेवकाने आजच विचारून ठेवावे : आपल्या दवाखान्यात पीईपीची पहिली मात्रा ठेवलेली आहे काय? कोणत्या कपाटात? त्याची किल्ली रात्री कोणाकडे असते? या प्रश्नांची उत्तरे सुई टोचण्यापूर्वी मिळवणे, हाच कठडा.

पुष्कळ जण सुई टोचली तरी बोलत नाहीत. कोणी म्हणेल, हिचेच काम निष्काळजी. कोणी घरी नवऱ्याच्या कानावर घालील. कंत्राटावरच्या बाईला तर नोकरी जाईल असे वाटते. ती रडते, देवावर भार टाकते आणि गप्प बसते. बहिणींनो, देवावर भार टाकणे योग्य आहे. पण देवाने दिलेले औषध नाकारणे हा विश्वास नव्हे. आणि वरिष्ठ पदावर असलेल्या बंधुभगिनींनो, जो सुई टोचल्याचे सांगतो त्याला रागावू नका. एकदा रागावलात की पुढचे दहा जण लपवतील.

६. स्पर्शही आणि नियमही

आता मार्कच्या पहिल्या अध्यायाकडे वळू. एक कुष्ठरोगी प्रभू येशूकडे आला. त्या काळच्या समाजात त्याच्याजवळ कोणी जात नसे. प्रभूने त्याला शब्दाने बरे करता आले असते. इतरांना त्याने तसे केलेही आहे. पण येथे त्याने हात पुढे केला व त्याला स्पर्श केला. मग काय केले? त्याला याजकाकडे पाठवले, मोशेच्या नियमाप्रमाणे तपासणी करून घ्यावयास सांगितले.

ही दोन्ही पावले आपण एकत्र पाहावीत. काही म्हणतात, प्रेम असले की मोजे कशाला? काही म्हणतात, नियम आहे, मग स्पर्श कशाला? प्रभूने स्पर्शही केला आणि नियमही मोडला नाही. मोजे घातलेला हात प्रेमाने धरता येतो, आणि उघडा हातही तिरस्काराने झटकता येतो. रुग्णाला ते बरोबर कळते.

कुष्ठरोगाच्या बाबतीत आपण समाज म्हणून फार उशिरा शिकलो. नॉर्वेच्या डॉ. हान्सेन यांनी त्याचा जंतू १८७३ साली शोधला. तरी कुष्ठरोग्यांना वेगळे कोंडणारा १८९८ चा कायदा आपल्या देशात २०१६ पर्यंत रद्द झाला नव्हता. एच.आय.व्ही. च्या बाबतीतही सुरुवात तशीच झाली. आपल्या शेजारी गोव्यात डॉमिनिक डिसोझा नावाचा तरुण नेमाने रक्तदान करीत असे. रक्त तपासणीत दोष निघाला, आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलीस त्याला घेऊन गेले. राज्याच्या आरोग्य कायद्याचा आधार घेऊन त्याला एका जुन्या क्षयरोग आरोग्यधामात चौसष्ट दिवस एकटे ठेवले. त्याच्या आईने, लुसी डिसोझा यांनी, उच्च न्यायालयात दाद मागितली. पण त्याच वर्षी न्यायालयाने तो कायदा ग्राह्य धरला. डॉमिनिक १९९२ साली वारला. मरण्यापूर्वी त्याने आपल्यासारख्यांसाठी संस्था उभी केली.

त्याला कोंडल्याने गोव्यातील एकाही सिस्टरचे बोट सुईपासून वाचले काय? नाही. जेथे सुईला टोपण बसवत होते तेथे ते बसवतच राहिले असणार. रक्त देऊन दुसऱ्याचा जीव वाचवणाऱ्यालाच कोंडले, आणि माळवद उघडेच राहिले.

आज कायदा बदलला आहे. एच.आय.व्ही. व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली मंजूर झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार रोगामुळे कोणालाही उपचार नाकारता येत नाहीत. समजावून सांगून संमती घेतल्याशिवाय तपासणी करता येत नाही. रोगाची माहिती संमतीवाचून उघड करता येत नाही. त्याच कायद्याने सेवकांचाही हक्क सांगितला आहे : ज्यांना कामात संसर्गाचा धोका आहे त्यांना संस्थेने दक्षतेचे साहित्य, त्याचे शिक्षण आणि पीईपी पुरवले पाहिजे. रुग्णाचे रक्षण व सेवकाचे रक्षण एकाच कायद्यात आले आहे. मोजे संपले असतील तर मागणे हा उद्धटपणा नव्हे. तो आपला हक्क आहे.

७. प्रार्थनेच्या नावाखाली

आता एक नाजूक गोष्ट. आपली गावे लहान, मंडळ्या त्याहून लहान. सिस्टर आणि रुग्ण रविवारी एकाच मंदिरात बसतात. अशा वेळी दवाखान्यात कळलेली गोष्ट बाहेर कशी पडते? भांडणातून क्वचित. पुष्कळदा ती प्रार्थनेच्या विनंतीतून बाहेर पडते. ‘‘पाळकबाई, अमक्याच्या सुनेसाठी प्रार्थना करा हं, नाव कोणाला सांगू नका, तिचा रिपोर्ट असा असा आला आहे.’’ बुधवारच्या घरप्रार्थनेपर्यंत ती गोष्ट चार घरांत पोचलेली असते. शनिवारी सासरी कळते. मग तिचे भांडे वेगळे होते, लेकरू तिच्यापासून काढून घेतात, आणि ती औषध घ्यायला जाणेही सोडते, कारण औषधाच्या खिडकीपाशी कोणी पाहील याची तिला धास्ती.

औषध सुटले की काय होते, ते नीट ध्यानात घ्या. उपचार न मिळाल्यास आईपासून बाळाला रोग होण्याची शक्यता शंभरात पंधरा ते पंचेचाळीस. उपचार मिळाल्यास पाचाहून कमी. सरकारी केंद्रांत हे औषध २००४ पासून विनामूल्य मिळते. म्हणजे सहज बोललेल्या एका वाक्यामुळे एका बाळाच्या अंगी रोग येऊ शकतो. अनुवादातील त्या आज्ञेत रक्ताचा दोष असे शब्द का आले असावेत, ते येथे कळते.

नाव न घेताही प्रार्थना करता येते. ज्याला नाव सांगायचे त्याला ते आधीच ठाऊक आहे.

८. दुबळा दिसणारा अवयव

करिंथकरांस लिहिताना पौल म्हणतो की, शरीरातील जे अवयव दुबळे भासतात त्यांच्यावाचून चालत नाही, आणि एक अवयव दुखावला की सर्वांना दुःख होते. दवाखान्याच्या शरीरात दुबळा भासणारा अवयव कोण? पिशव्या उचलणारा, चादरी धुणारी, फरशी पुसणारा. सुई कोणी टाकली हे त्यांना माहीत नसते. टोचते मात्र त्यांना. प्रशिक्षणाचा दिवस ठरला की डॉक्टर व सिस्टर खुर्चीवर बसतात आणि सफाई कामगार बाहेर जिना पुसत असतो. लस वाटली जाते तेव्हा कंत्राटी माणसाचे नाव यादीत नसते.

ज्या मंडळीतील सिस्टर व ज्या मंडळीतील सफाई कामगार एकाच मेजावर प्रभुभोजन घेतात, त्या मंडळीला हा भेद शोभत नाही. सिस्टरने सुई पिशवीत टाकली तर तिच्या भावाचे बोट फुटते, इतके हे सरळ आहे. कठडा बांधताना सर्वांत खाली उभ्या असलेल्याकडे आधी पाहावे.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या कामाच्या ठिकाणी काही रुग्णांसाठीच पाळली जाणारी दक्षता कोणती? ती सर्वांसाठी पाळायची झाल्यास काय कमी पडते : साहित्य, वेळ की सवय?

२. आपण हिपॅटायटिस बी ची लस तिन्ही वेळा घेतली आहे काय? आपल्या मंडळीतील सफाई कामगारांनी?

३. रात्री सुई टोचली तर पहिल्या दोन तासांत आपण कोणाकडे जाल? नाव व जागा लिहून काढा.

४. मार्क १:४०-४५ मध्ये प्रभूने स्पर्श करून रोग्याला नियमाकडेही का पाठवले असावे?

५. प्रार्थनेची विनंती आणि गुपिताचा भंग यांतील सीमा आपली मंडळी कशी राखू शकेल?

प्रार्थनेचे विषय

रात्रपाळीत जागणाऱ्या सर्व रुग्णसेवकांसाठी. ज्यांना सुई टोचली आहे आणि ज्यांनी अजून कोणाला सांगितलेले नाही त्यांना बोलण्याचे धैर्य मिळावे म्हणून. औषध नियमाने घेणाऱ्या माताबाळांसाठी. आणि आपल्या मंडळ्यांतील ज्या घरी हा रोग आहे त्या घराचे दार कोणी बाहेरून लावू नये म्हणून. नावे देव जाणतो.

सूचना : एच.आय.व्ही. संबंधी माहिती व सल्ला १०९७ या क्रमांकावर विनामूल्य मिळतो. पाळकांनी हा क्रमांक मंदिराच्या सूचनाफलकावर मराठीत व कन्नडमध्ये लावावा.